पट्ट्यावर न सापडणारी कळ

अर्धापूरच्या केळीच्या बागेतून घड खांद्यावर घेऊन रस्त्यावरच्या गाडीपर्यंत हेलपाटे घालणाऱ्या मजुराच्या हृदयाची परीक्षा रोजच होते. रक्तवाहिनी अरुंद झालेली असेल, तर ती अशा कष्टात बहुधा गप्प बसत नाही. छाती भरून येते, टेकलं की उतरते. टीएमटीचा, म्हणजे ट्रेडमिल टेस्टचा, पट्टा हेच दवाखान्यातल्या एका खोलीत घडवून आणतो.

सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये मांडलेला क्रम आजही जगभर चालतो. सुरुवात ताशी २.७ किलोमीटरने, १० टक्के चढावर. मग दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो, चढही. २२० मधून वय वजा करायचं आणि येणाऱ्या आकड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठोके न्यायचे. पन्नाशीच्या माणसाला हे मिनिटाला १४५ च्या आसपास पडतात. गुडघे धरलेल्यांना चालवता येत नाही, म्हणून त्यांना डोब्युटामिन किंवा अ‍ॅडेनोसिन टोचतात. अ‍ॅडेनोसिन द्यायचं तर आदल्या दिवसापासून चहा बंद, कारण कॅफिन त्या औषधाचा परिणाम मारतं. मराठवाड्यात ही अट तपासणीपेक्षा जड जात असणार.

ईसीजीच्या रेघेवरून संशय येतो. हृदयाच्या कोणत्या भागाला रक्त कमी पडतं, ते किरणोत्सर्गी द्रव्य टोचून काढलेल्या चित्रात दिसतं. या तपासणीसाठी लोकांच्या तोंडी अजून ‘थॅलियम’ हे जुन्या द्रव्याचं नाव असलं, तरी आता बहुतेक ठिकाणी टेक्निशियम वापरतात. त्याचं अर्धायुष्य अवघं ६ तासांचं, त्यामुळे साठवून ठेवायची सोय नाही. म्हणून शिशाच्या कवचातून त्याचा जनक, ६६ तास अर्धायुष्याचा मोलिब्डेनम, रुग्णालयात येतो. त्यातून सलाइन सोडून रोज ताजं टेक्निशियम काढतात. गोठ्यातली धार काढावी तसं हे काम, आणि या व्यवसायातले लोकही त्याला ‘दूध काढणं’च म्हणतात. देशात असा माल पुरवणारी ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था नवी मुंबईत वाशीला आहे.

टेक्निशियमला जोडलेलं औषध रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत शिरतं आणि काही तास तिथेच चिकटून राहतं. खरी गंमत इथे आहे. दम लागलेला असताना सुई द्यायची, फोटो तासाभराने काढला तरी चित्र उमटतं ते सुईच्या क्षणाचं. विश्रांतीतल्या दुसऱ्या फोटोशी ते ताडून पाहतात. पहिल्यात रिकामी आणि दुसऱ्यात भरलेली जागा म्हणजे वाट अरुंद. दोन्हींत रिकामी म्हणजे बहुधा जुन्या झटक्याचा व्रण.

या सगळ्या हुशारीला चकवणारा एक आजार आहे. लॉस एंजेलिसच्या मायरन प्रिन्झमेटल यांनी १९५९ मध्ये ३२ रुग्णांची हकीकत छापली. त्यांची कळ कष्टाने येत नव्हती. ती विश्रांतीत येई, अनेकदा ठरावीक वेळी. रक्तवाहिनीला पेटका येतो, ती काही मिनिटं आवळते आणि आपसूक सुटते. पुढे १९७० च्या दशकात इटलीत पिसाच्या अत्तिलिओ मासेरी यांनी ही आवळलेली वाहिनी अँजिओग्राफीत दाखवली. कळ चालू असतानाच थॅलियम टोचून रक्ताविना पडलेला भागही त्यांनी टिपला.

पण अशी कळ पहाटे चारला आली, तर अर्धापुरात सुई घेऊन कोण उभं असणार? रुग्ण नांदेडला पोचेपर्यंत कळ गेलेली असते, ईसीजी नॉर्मल येतो, पट्ट्यावर तो तरण्यासारखा चालतो आणि ‘गॅस’ची गोळी घेऊन परततो. कॅथलॅबमध्ये अ‍ॅसिटिलकोलीन सोडून पेटका मुद्दाम आणता येतो, मात्र त्याला तयारीचा चमू लागतो. त्यामानाने छातीला २४ तास होल्टर, म्हणजे सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र, बांधणं सोपं. त्या रात्री कळ आली पाहिजे एवढंच.

निदान झालं की औषधं साधी असतात: डिल्टियाझेम किंवा अ‍ॅम्लोडिपिन, कळ आली की जिभेखाली सॉर्बिट्रेट, आणि बिडी-सिगारेट कायमची बंद. साध्या, कष्टाने येणाऱ्या अंजायनात (छातीच्या कळीत) सर्रास दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी मात्र इथे पेटका वाढू शकतो.