सरळ रेषा आणि लघुतम मार्ग : अंकीय नकाशावरील मापनाविषयी काही विचार

नकाशावरील दोन स्थळे रेषेने जोडली म्हणजे त्यांच्यामधील मार्ग हाती आला, असे आपण सहज मानतो. संगणकाच्या पडद्यावरील नकाशाने हे काम इतके सुलभ केले आहे की, काढलेली रेषा कोणत्या प्रकारची आहे आणि तिच्याशेजारी उमटलेला आकडा कोणत्या रेषेचा आहे, हे दोन प्रश्न विचारावयाचेच राहून जातात. वस्तुतः ही रेषा आणि हा आकडा पुष्कळदा दोन भिन्न मार्गांचे असतात. या विसंगतीचे स्वरूप जालना जिल्ह्यातील घनसावंगी हे आरंभस्थान घेऊन प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने त्याच्या पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते, ते बृहद्वृत्त होय. दोन स्थळांमधील लघुतम मार्ग म्हणजे या वृत्ताचा लहान कंस. या मार्गाने जाणाऱ्याला आपली दिशा सतत बदलावी लागते. केवळ विषुववृत्त आणि रेखावृत्ते यांचाच याला अपवाद आहे. याउलट, जी रेषा प्रत्येक रेखावृत्ताला एकाच कोनात छेदते, तिला येथे स्थिरदिशा रेषा म्हणू. होकायंत्रावर एकच कोन धरून चालणाऱ्या नाविकाची ही रेषा. या दोन मार्गांतील भेद पोर्तुगीज गणिती पेद्रो नुनेश याने १५३७ साली मांडला. पुढे १५६९ मध्ये मर्केटरने जो जगाचा नकाशा प्रसिद्ध केला, त्याच्या प्रक्षेपणावर प्रत्येक स्थिरदिशा रेषा सरळ उमटते. आज पडद्यावर दिसणारे बहुतेक नकाशे याच प्रक्षेपणाच्या एका सोप्या रूपावर आधारलेले आहेत. म्हणून त्यांच्यावर पट्टीने आखल्यासारखी दिसणारी रेषा ही व्यवहारतः स्थिरदिशा रेषा असते, लघुतम मार्ग नव्हे.

घनसावंगीचा अक्षांश सुमारे १९.५ अंश उत्तर व रेखांश सुमारे ७६ अंश पूर्व आहे. मेक्सिकोची राजधानी मेक्सिको सिटी जवळजवळ याच अक्षांशावर, ९९.१३ अंश पश्चिम रेखांशावर वसलेली आहे. दोहोंच्या रेखांशांतील अंतर १७५.१३ अंश. अक्षांश समान असल्यामुळे स्थिरदिशा रेषा म्हणजे अक्षवृत्तच होय. घनसावंगीहून थेट पश्चिमेस निघावे, अरबी समुद्र, अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक महासागर ओलांडावा आणि दिशा यत्किंचितही न बदलता मेक्सिको गाठावे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ कि.मी. धरल्यास या मार्गाची लांबी सुमारे १८,३६० कि.मी. भरते.

आता बृहद्वृत्ताचा विचार करू. अक्षांश समान असता सूत्र फार सोपे होते : कंसाच्या निम्म्या कोनाची ज्या ही अक्षांशाची कोज्या आणि निम्म्या रेखांशांतराची ज्या यांच्या गुणाकाराइतकी असते. ०.९४२६ ला ०.९९९१ ने गुणले असता ०.९४१८ येतात, म्हणून निम्मा कोन ७०.३६ अंश, पूर्ण कोन १४०.७ अंश आणि अंतर सुमारे १५,६५० कि.मी. मार्ग २,७०० कि.मी.हून अधिक वाचला. याहून विलक्षण गोष्ट दिशेची. लघुतम मार्गाने जाणाऱ्याने घनसावंगीहून पश्चिमेस नव्हे, तर जवळजवळ उत्तरेस, उत्तरेच्या केवळ सव्वासात अंश पश्चिमेकडे, निघावयाचे आहे. राजस्थान, काश्मीर, कझाकस्तान, पश्चिम सायबेरिया असा हा मार्ग उत्तर ध्रुवापासून सात अंशांपर्यंत पोहोचतो आणि उत्तर ग्रीनलंड व कॅनडा ओलांडून मेक्सिकोकडे उतरतो.

हीच दोन स्थळे लीफलेट या सुपरिचित नकाशा-प्रणालीत जोडली, तर काय दिसते? पडद्यावर अक्षवृत्ताला समांतर अशी सरळ रेषा उमटते. परंतु अंतर विचारता प्रणाली गोलावरील लघुतम अंतर, म्हणजे १५,६५० कि.मी., सांगते. चित्र सहाराचे, आकडा ध्रुवप्रदेशाचा! दोन्ही आपापल्या जागी अचूक आहेत. चूक आहे ती त्यांना एकत्र वाचण्यात. बृहद्वृत्त खरोखरच काढावयाचे असेल, तर त्यावरील अनेक मध्यबिंदू गणिताने काढून ते लहान लहान खंडांनी जोडावे लागतात. भौगोलिक सामग्रीच्या देवाणघेवाणीसाठी रूढ झालेल्या जिओजेसन या लेखनपद्धतीच्या २०१६ च्या प्रमाणलेखात तर तिसरीच व्याख्या आहे : अक्षांश व रेखांश हे साधे सहनिर्देशक मानून काढलेली सरळ रेषा. ती सामान्यतः बृहद्वृत्तही नसते आणि स्थिरदिशा रेषाही नसते.

हा सारा खटाटोप खंडांतरीय प्रवासापुरताच आहे, असे कोणी म्हणेल. घनसावंगी ते मुंबई हे सुमारे ३३० कि.मी.चे अंतर घेतले, तर दोन्ही मार्गांच्या लांबीतील फरक पाच मीटरांहूनही कमी येतो. तथापि मार्गाच्या मध्यभागी त्या दोन रेषा एकमेकींपासून सुमारे सातशे मीटर दूर असतात. लांबी क्षमाशील असते, स्थान तसे नसते. रेषा कोणत्या गावाच्या शिवारातून जाते, हा प्रश्न असेल तेथे सातशे मीटर उपेक्षणीय नव्हेत.

याहून मोठा धोका प्रक्षेपणावरच पट्टी लावून मोजण्यात आहे. मर्केटरच्या प्रक्षेपणात प्रत्येक लांबी अक्षांशाच्या कोज्येच्या व्यस्त प्रमाणात फुगते. घनसावंगीच्या अक्षांशावर ही वाढ सुमारे सहा टक्के, आणि क्षेत्रफळात तिचा वर्ग म्हणजे साडेबारा टक्के होते. गोदावरीच्या उत्तर तीरालगतच्या या तालुक्यातील १०० हेक्टर मोसंबीची बाग अशा मापनात ११२.५ हेक्टर भरेल, आणि पाण्याची गरज किंवा हेक्टरी उत्पन्न यांचे पुढील सर्व गणित त्याच प्रमाणात बिघडेल. दोष पाहणीचा नसून पट्टीचा असल्यामुळे तो उघडकीसही येत नाही.

मात्र लघुतम मार्ग तोच इष्ट मार्ग, असाही निष्कर्ष काढू नये. नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये, गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या प्रवासातील एक टप्पा न्यूझीलंडमधील लिटलटन ते फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली हा होता. या दोन बंदरांमधील बृहद्वृत्त सुमारे ६९ अंश दक्षिणेपर्यंत, म्हणजे अंटार्क्टिक वृत्ताच्या आत, बर्फाच्या प्रदेशात उतरते. वाटेत वळसा घालावयाचे हॉर्न भूशिर मात्र ५६ अंशांवर आहे. अशा ठिकाणी नाविक एक मर्यादा-अक्षवृत्त ठरवितात, तेथपर्यंत बृहद्वृत्ताने जातात, मग त्या अक्षवृत्ताने सरकतात आणि पुन्हा बृहद्वृत्त धरतात. दोन्ही रेषांचा असा मिलाफ हे नौकानयनशास्त्रातील जुने शहाणपण आहे.

तात्पर्य, संशोधनपर लेखनात अंतराचा आकडा एकटा देऊ नये. रेषा कोणती, पृथ्वी गोल मानली की ध्रुवांकडे दबलेली, आणि मापन प्रक्षेपणावर केले की पृष्ठभागावर, या तीन गोष्टी त्याच्यासोबत नमूद कराव्यात. गोल मानल्याने अंतरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. क्यूजीआयएससारख्या प्रणालीत मापन समतलावर करावयाचे की विवृत्ताभावर, हे निवडण्याची सोय आहे, ती वापरावी. आणि नकाशावर रेषा छापताना तिच्या शेजारचा आकडा तिचाच आहे ना, एवढे एकदा पडताळून पाहावे.