पंधराचा वर्ग

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे आमचे गाव ज्या भालचंद्राच्या स्थानामुळे ओळखले जाते, त्याची कथा मुळात एका क्षमायाचनेची आहे. गजाननाचा उपहास केल्यामुळे शापित झालेल्या चंद्राने तप केले आणि प्रसन्न झालेल्या देवाने त्या अपराध्यालाच आपल्या भाळी धारण केले. ह्या देवळाच्या आसमंतात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ख्रिस्ती प्रार्थनेच्या वाङ्मयाचा छंद कसा जडला, असे पुष्कळ लोक मला विचारतात. शाळकरी वयात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती पडली, त्यातून त्यांचे पती नारायण वामन टिळक यांच्याकडे आणि त्यांच्याकडून पंडिता रमाबाईंकडे मी गेलो, आणि रमाबाईंपाशी जो थांबलो तो अद्याप तेथेच आहे, इतकेच त्याचे उत्तर आहे.

माणूस देवापाशी मागतो, हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. पाऊस, लेकरू, कज्ज्यातला निकाल, सावकाराची मुदत, ह्या सर्वांसाठी नवस बोलले जातात आणि प्रामाणिकपणे फेडलेही जातात, आणि त्या श्रद्धेविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु ख्रिस्ती साधनेत मागण्याच्या पाठोपाठ एक दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या कुतूहलाचा सारा विषय तोच आहे: मी जे मागतो आहे ते देवालाही हवे आहे काय, आणि नसेल तर ते मला कसे कळावे? येशूने आपल्या शिष्यांना दार लावून एकांतात प्रार्थना करण्यास सांगितले. मंदिरात स्वतःच्या पुण्याचा हिशेब वाचून दाखविणाऱ्या परूश्यापेक्षा मान खाली घालून उभा राहिलेला जकातदार देवाला अधिक मानवला, असा दाखला दिला. आणि न्यायासाठी वारंवार दाद मागून बेपर्वा न्यायाधीशाला अखेर नमविणाऱ्या विधवेची गोष्टही सांगितली. त्याच येशूने अटकेच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत स्वतःचे दुःख टळावे अशी विनवणी केली, आणि त्याच श्वासात स्वतःची इच्छा पित्याच्या स्वाधीन केली. मागणे पूर्ण मनाने करावे आणि निकाल मात्र दुसऱ्याच्या हाती मोकळा सोडावा, ही जोड साधणे अत्यंत कठीण आहे. प्रार्थनेचे ढोंग होते ते बहुधा येथेच, कारण निकाल आधीच ठरवून त्यावर केवळ देवाची मोहर मागण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे केले आणि १८४२ साली तेथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागले. आमचा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, तेथे जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. आणि नगरच्या मंडळींनी चिपळ्या-टाळांसह ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा सुरू करून हा धर्म मराठी माणसाच्या कानाला परका राहू दिला नाही. आता रमाबाईंकडे वळतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडणारे विद्वान, आणि त्यांनी आपल्या पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविण्याचे धैर्य दाखविले. १८७०नंतरच्या दशकातील दुष्काळात ह्या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. व्रते, दाने आणि अनुष्ठाने यांत जवळचे सारे द्रव्य संपले, आणि वडील, आई व थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. विवाह झाला, मुलगी मनोरमा जन्मली, आणि १८८२ साली वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथपर्यंतची हकिकत पुष्कळांस ठाऊक असते. पण मला जे विलक्षण वाटते ते त्यापुढचे आहे.

वाँटेजच्या मठातील भगिनी जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो आज छापील उपलब्ध आहे, आणि प्रार्थनेविषयी गंभीरपणे विचार करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे माझे मत आहे. नव्याने धर्मात आलेली ही पंचविशीतली विधवा, परदेशात, दुसऱ्यांच्या आश्रयाने राहत असलेली. तिने मठाच्या अधिकाऱ्यांना स्पष्ट कळविले की जे सिद्धांत आपल्या सदसद्विवेकास पटलेले नाहीत ते केवळ वरिष्ठांच्या आज्ञेवरून आपण मान्य करणार नाही. त्यांना हा अहंकार वाटला. मला मात्र ह्यात प्रार्थनेच्या सचोटीची पहिली अट दिसते. देवाची इच्छा ज्याला शोधावयाची आहे, त्याने कोणा मुखत्याराच्या सहीवर विसंबून चालत नाही. सल्ला घ्यावा, शास्त्र वाचावे, पण हजर राहावयाचे ते स्वतःच.

ह्याहूनही धीट गोष्ट रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात आहे. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्या तेथे मोकळेपणाने लिहितात. त्या वेळी त्या जगप्रसिद्ध होत्या. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढून त्यांनी ते पुढच्या वर्षी पुण्यास नेले होते. अमेरिकेत त्यांच्या नावाने मंडळे स्थापन झाली होती. अशा स्थितीत आपली भक्ती अंतर्यामी पोकळ होती हे लिहून ठेवणारी व्यक्ती पुढे जे प्रार्थनेविषयी सांगते, त्यावर माझा विश्वास बसतो.

आणि ते सांगणे असे. लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींची धर्मशिबिरे भरत. १८९६ सालच्या शिबिराला रमाबाई गेल्या, तेव्हा सदनातील श्रद्धावान झालेल्या पंधरा मुली त्यांच्याबरोबर होत्या. पहाटे एकांतात जाऊन त्यांनी ह्या पंधरांबद्दल देवाचे आभार मानले, आणि मग एक चमत्कारिक वाटावे असे मागणे त्यांच्या मनात आले: पुढील शिबिरापूर्वी ह्या संख्येचा वर्ग व्हावा. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस! सदनात तेव्हा इतक्या मुली राहण्यास जागाच नव्हती. त्यांनी ही अडचण मनात आणली, तथापि देवाला अशक्य असे काय आहे ह्या अर्थाचे यिर्मयाच्या ग्रंथातील वचन त्यांना आठवले, आणि मागणे त्यांनी मागे घेतले नाही.

कथेकरी येथे थांबून लगेच संख्या पूर्ण झाल्याचे सांगेल आणि श्रोते माना डोलावतील. पण संख्या कशी पूर्ण झाली ते पाहावे. त्याच वर्षाअखेर मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंना दुष्काळ म्हणजे काय ते स्वतःच्या आईबापांच्या मृत्यूतून माहीत होते, आणि म्हणूनच त्या वाटेला पुन्हा जाण्याची त्यांची प्रथम इच्छा नव्हती, पैसाही नव्हता. तरीही त्या गेल्या. धर्मशाळांतून आणि दुष्काळी कामांच्या छावण्यांतून त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि तरुण विधवा गोळा केल्या, आणि सुमारे तीनशे जणींना घेऊन त्या परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचा बंदोबस्त कडक होता. म्हणून दौंड तालुक्यातील केडगावला त्यांनी आधी घेऊन ठेवलेल्या शेतजमिनीवर ह्या मुलींची सोय करावी लागली, आणि तेथून १८९८ साली मुक्तिसदन उभे राहिले. लोणावळ्याच्या पहाटे मागितलेल्या दोनशे पंचवीस जणी आल्या त्या उवांनी भरलेल्या डोक्यांच्या, रोगाने जर्जर, अन्नासाठी एकमेकींवर धावून जाणाऱ्या अशा आल्या. आणि मागणाऱ्या बाईचे उरलेले आयुष्य त्यांना न्हाऊ-माखू घालण्यात, खाऊ घालण्यात आणि शिकविण्यात गेले. प्रार्थनेचे उत्तर बहुधा बक्षिसाच्या रूपाने येत नाही, कामाच्या रूपाने येते, आणि ते काम अंगावर घेण्याची ज्याची तयारी आहे त्याचेच मागणे खरे, असे जे माझे मत बनले ते ह्या हकिकतीवरून.

केडगावला मी अनेकदा गेलो आहे, आणि प्रत्येक वेळी मला तेथील प्रार्थनामंदिरापेक्षा तेथल्या उद्योगांच्या इतिहासाने अधिक खिळवून ठेवले. शेती, गोठा, विणकाम, तेलाची घाणी, छापखाना. अंध मुलींसाठी ब्रेलची लिपी. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन. पुढील दुष्काळानंतर, १९००च्या सुमारास, ह्या वस्तीत जवळजवळ दोन हजार माणसे होती. ठरलेले वेतन देणारी कोणतीही संस्था पाठीशी नसताना एवढा संसार चालविण्यात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे उदाहरण रमाबाईंच्या डोळ्यांपुढे होते. अनाथालयासाठी माणसांपाशी वर्गणी न मागता केवळ देवापाशी मागावयाचे, हा म्यूलर यांचा दंडक होता. मात्र म्यूलर यांनी हिशेबाच्या वह्या चोख ठेवल्या होत्या, हेही त्या दंडकाइतकेच महत्त्वाचे आहे.

१९०५ सालचे केडगावचे पुनरुज्जीवन हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय. वेल्समध्ये आदल्या वर्षी उठलेल्या धर्मजागृतीच्या वार्ता येत होत्या. रमाबाईंनी जानेवारीत रोज सकाळी खास प्रार्थनेसाठी एकत्र येण्याचे आवाहन केले. आरंभी सत्तर जणी येत, जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेवर गेला. जूनच्या अखेरीस एका मध्यरात्रीनंतर मुलींमध्ये विलक्षण भावावेग उसळला. रडणे, पापांची कबुली, शेकडो कंठांनी एकाच वेळी मोठ्याने केलेली प्रार्थना. पुढे काही जणी अपरिचित भाषांत बोलू लागल्या, आणि त्या वर्तमानाने देशोदेशीचे लोक केडगावकडे धावले. रमाबाईंनी ह्या प्रकाराला अटकाव केला नाही, परंतु स्वतःला तो अनुभव आल्याचा दावाही केला नाही, आणि प्रेम हीच आत्म्याची खरी खूण असे त्या सांगत राहिल्या. हा तोल मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांची स्वतःची त्यानंतरची वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातील बाईला कळेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्यात गेली. छपाईचे खिळे जुळविण्याचे काम सदनातील मुलींनीच केले. १९२१ साली मनोरमा गेली, १९२२ साली रमाबाई गेल्या, आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

टिळकांची वाट वेगळी होती. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडले. अशा निर्णयाच्या वेळी खूण मागावीशी वाटते: जुन्या करारातील गिदोनाने मेंढीची लोकर रात्री खळ्यात पसरून देवाकडून दोनदा खूण मागितली होती. आपणही असेच करावे की काय, असा प्रश्न प्रत्येक साधकाला कधी ना कधी पडतो. माझ्या मते खूण मागण्यात पाप नाही, पण खुणेवर मुक्काम करू नये. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची आणि त्यांची ताटातूट झाली, ती काही वर्षे टिकली. एकत्र आल्यावरही टिळकांनी पत्नीवर धर्माची सक्ती केली नाही, आणि १९०० साली लक्ष्मीबाई आपल्या स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्मात आल्या. पतीच्या आज्ञेखाली न आलेली ही श्रद्धा किती भक्कम निघाली, ते टिळकांच्या पश्चात त्यांनी पुढे नेलेल्या ‘ख्रिस्तायन’ ह्या काव्यावरून कळते. १९१७ साली टिळकांनी मिशनच्या वेतनावर पाणी सोडले, साताऱ्यास संन्यस्त वृत्तीने राहून ‘देवाचा दरबार’ उभारला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा दिली. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. एखादे काम टिकले नाही म्हणून त्यामागची प्रार्थना खोटी होती असे मानणारा हिशेब मला मान्य नाही. नव्या करारातील पौलाने तीन वेळा मागूनही त्याच्या देहातील काटा निघाला नव्हता.

आमच्या जिल्ह्यात आजही वस्त्यावस्त्यांवर घरगुती प्रार्थना चालतात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघण्यापूर्वी, त्यांना एक निराळीच धार येते. अशा एका बैठकीला मी मागे बसलो होतो. मुकादमाकडून उचल घेऊन बसलेली जोडपी, दारात बांधलेले बैल, आणि मध्ये एक वृद्ध बाई डोक्यावर पदर घेऊन बोलत होती. मुकादमाच्या मनात दया यावी, काट्यावर वजन खरे व्हावे, पाचटात कोणास साप डसू नये, असे एकेक मागून झाल्यावर ती म्हणाली, “आणि बापा, मी म्हातारीनं काय करावं ते सांग.” त्या वर्षी ती मुलांबरोबर गेली नाही. स्वतःच्या नातवंडांसह शेजारच्या घरांतील लेकरेही तिने गावी ठेवून घेतली, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडीचा हंगाम संपेपर्यंत, त्यांची शाळा चुकू दिली नाही.

काय करावे ते सांग, हाच प्रश्न आमच्या जवळच आणखी एका ठिकाणी विचारला गेला. पाटोद्याच्या वाटेने पश्चिमेस गेले की जामखेड लागते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडले, विवाहाच्या वेळीच त्यांनी खेड्यातील उपेक्षितांसाठी आयुष्य देण्याचा संकल्प केला, आणि १९७० साली ते जामखेडला आले. दोघांपाशी वैद्यकाची उत्तम विद्या होती, आणि ईश्वराने आपल्याला रोग बरे करण्यासाठीच धाडले असे त्यांनी मानले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी लोकांना विचारले. लोकांनी औषध मागितले नाही. अन्न आणि पाणी मागितले. दुष्काळाचे दिवस होते. तेव्हा ह्या डॉक्टरांनी पोषक आहाराची केंद्रे आणि पाण्याच्या कूपनलिका ह्यांपासून आरंभ केला, आणि मग गावोगावच्या निरक्षर, पुष्कळदा दलित, कित्येकदा नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांना बाळंतपण, लसीकरण आणि बालसंगोपन शिकवून ग्रामआरोग्याचे काम त्यांच्या हाती सोपविले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली गेले. त्यांचा प्रकल्प चालू आहे, आणि परदेशातील डॉक्टर तेथे येऊन ज्यांच्यापुढे शिकण्यास बसतात त्या ह्याच बाया आहेत.