तिघांची तुकडी

खोखोच्या सामन्यांत प्रेक्षकांचे डोळे पाठलाग करणारावर खिळतात. आमचे पळणाऱ्या तिघांवर असतात. नियमाप्रमाणें पळणारे गडी तिघातिघांच्या तुकड्यांनीं आंत उतरतात, आणि तो क्रम गुणलेखकाकडे आधींच नोंदवावा लागतो. मग हळहळून उपयोग नाहीं. तीन चपळ गडी एकत्र घातले कीं उत्तम तुकडी झाली, हा भाबडा समज होय! एकाचा पाठलाग चालू असतां उरलेल्या दोघांनीं त्याची वाट मोकळी ठेवली पाहिजे. तिघे एकाच खांबाकडे गोळा झाले कीं संपलेंच. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिला विश्वचषक झाला. त्यांत प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे या महाराष्ट्रीय कर्णधारांच्या भारतीय संघांनीं नेपाळास हरविलें. तेथेंही ठरावीक काळ टिकल्याचे जादा गुण एकट्या गड्यास नव्हे, तुकडीस मिळत.

आमच्या हातून मात्र नाशिकांत हाच प्रमाद घडला. दोन विद्यार्थी एकमेकांची चाहूल पाठमोरेही ओळखीत. आम्हीं वेगाचा हिशेब मांडून एकास पहिल्या तुकडींत घातलें, दुसऱ्यास शेवटच्या. दोघेही हां हां म्हणतां बाद! दुसऱ्या डावांत त्यांस एकत्र उतरविलें. खूप वेळ टिकले, पण सामना तोंवर हातचा गेला होता. दोघे कांहीं बोलले नाहींत. बूट नव्हतेच, पायांची धूळ झटकली आणि घरीं गेले.