मोहरीचा हत्ती

आमच्या वन्संना दहा वर्षे संधिवात. सकाळी बोटे मिटत नाहीत, कपसुद्धा उचलवत नाही. पोलिओने पाय लुळे पडलेल्या जर्मनीतल्या मार्गारेटे श्टाइफबाईंनी १८८० साली फेल्टचा हत्ती शिवला, तो टाचण्या टोचायला. मुलांनी मात्र त्याचे खेळणे केले, असे मी वाचले आणि सुईदोरा घेतला. हसू नका, शिवणकामात मी अगदी ढ! जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा घेतला, तान्ह्या बाळाच्या उशीत भरतात तशी मोहरी भरली. सोंड वाकडी झाली. वन्संनी तो तळहातावर घेतला. दाणे बोटांखाली हळूहळू सरकू लागले.

"वहिनी, हे डुक्कर आहे हो!" म्हणाल्या, आणि कितीतरी महिन्यांनी खळखळून हसल्या.

हत्ती आता त्यांच्या उशाशी असतो. काल हुकूम सुटला, घोडा हवा.