अंगणातला बॉल का वळतो?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी धाराशिवला गेलं, की ऊन उतरायची वाट बघायची. ढाळजेपुढच्या अंगणात शहाबादी फरशी, भिंतीवर कोळशानं ओढलेले तीन स्टंप. नियम ठरलेले: एक टप्पा एक हात आउट, माळवदावर गेला तर आउट, आणि ज्यानं मारला त्यानंच आणायचा. बॉल टेनिसचा, अर्ध्या भागावर वायरमनची काळी टेप. ही टेप सुरकुती न पाडता ताणून लावणाऱ्या मामेभावाचा मान मोठा. बॅट कुणाची का असेना.

त्या टेपनं बॉल हवेत वळायचा. बॉल जाताना त्याला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहत असतो. लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ मध्ये या ‘सीमा-थरा’ची कल्पना मांडली. बॉलला वळसा घालता घालता हा थर कुठंतरी सुटतो. गुळगुळीत टेपवर एका जागी, लव असलेल्या बाजूला दुसऱ्याच. मग बॉलच्या मागची हवेची शेपटी एकीकडे कलते आणि बॉल दुसरीकडे ढकलला जातो. कोणीकडे, हे वेगावर, टेपच्या कडेवर आणि फरशीनं किती लव खाल्ली यावर ठरतं. पहिला बॉल ‘ट्रायल’ मागणारी पोरं अगदीच लबाड नसतात.

पण खरी मेख वजनात आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा ढोबळ हिशेब करून पाहिला. सुमारे १६० ग्रॅमच्या लेदर बॉलवर हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. टेनिस बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास. तिथं हाच विरोध वजनाच्या पाऊण पटीकडे जातो. बॉल हलका, तितकी हवा शिरजोर.

अमेरिकेत ही गोष्ट एका बापानं टोकाला नेली. कनेक्टिकट राज्यातल्या फेअरफील्ड गावी डेव्हिड मुलानी यांचा मुलगा परसात बेसबॉलसारखा खेळ खेळायचा. बॉल वळवून वळवून हात दुखायचा. १९५३ मध्ये मुलानींनी पोकळ प्लॅस्टिकच्या बॉलच्या एकाच अर्ध्या भागात आठ लांबट भोकं पाडली. हा विफल बॉल. वजन जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे वरच्याच वेगाला हवेचा विरोध वजनाच्या दुपटीहून जास्त! शिवाय भोकांतून हवा आत शिरून फिरते, ती वेगळीच. पोरगं कितीही जोरात मारो, शेजाऱ्याची काच शाबूत. आपली टेप आणि त्यांची भोकं यांची युक्ती एकच: बॉलच्या दोन बाजू सारख्या ठेवायच्या नाहीत.

धाराशिव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच. हवेचा दाब मुंबईपेक्षा सात टक्क्यांच्या आसपास कमी, त्यामुळे हवेची पकडही तितकी सैल. तेवढ्यानं मुंबईकर मावसभावाचा बॉल इथं वळत नव्हता, ही मात्र त्याची सबब.

गेल्या उन्हाळ्यात भाच्यांसाठी जत्रेतल्या प्लॅस्टिकच्या बॉलला तापल्या सळईनं एका बाजूला आठ भोकं पाडली. पहिला बॉल मध्येच रेंगाळला, भाच्याची बॅट आधीच फिरून गेली. दुसरा त्यानं उचलला तो थेट माळवदावर, वाळत घातलेल्या कुरडयांत. एकही मोडली नाही. भाचा म्हणाला, मग आउट कसा? त्यावर वीस मिनिटं खेळ थांबला.