कपाशीची फरदड व शेंदरी अळी

२००२ सालापासून मिळू लागलेल्या बीटी संकरित वाणाने कपाशी पेरणाऱ्या आम्हां शेतकऱ्यांस प्रथम मोठा लाभ झाला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. हिरव्या बोंडअळीवरील फवारणी पुष्कळ कमी झाली. परंतु संकरिताची सरकी राखून पेरल्यास तसे पीक येत नाही. दर साली पिशवी विकत घ्यावी लागते. याहून घातक गोष्ट अशी की, संकरित झाडाच्या एकाच बोंडात अळीस मारक व अमारक अशा दोन्ही सरक्या तयार होतात. शेंदरी अळी सरकीवरच जगणारी. अमारक सरकीवर तिचे पोषण होते आणि विष पचविणारी प्रजा वाढते. २०१७ साली तिने महाराष्ट्रात किती बोंडे पोखरली, हे वाचकांस सांगावयास नको.

बिडकीनच्या काळ्या रानात पाणी असले म्हणजे फरदड ठेवण्याचा मोह आम्हांसही होतो. पण फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभ्या पराटीवर अळी पिढ्यांमागून पिढ्या काढते, आणि थोड्या कापसाकरिता पुढचा हंगाम गहाण पडतो. यास्तव डिसेंबरअखेर वेचणी संपवून पराटी उपटावी; किडकी बोंडे रानात ठेवू नयेत. हे शिवारातील सर्वांनी एकदमच केले पाहिजे, कारण शेजारच्या फरदडीतील पतंग आपल्याही रानात उतरतो.