सूर्यास्ताचे जेवण आणि रात्रीची गोळी

‘रात्री जेवणापूर्वी एक गोळी.’ औषधाच्या चिठ्ठीवरील हे शब्द लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या मनात बहुधा साडेआठ-नऊचे जेवण असते. खोपट, टेंभी नाका परिसरातील अनेक जैन घरांत मात्र त्या वेळी स्वयंपाकघर आवरून दोन-तीन तास झालेले असतात. कोणी ती गोळी सायंकाळच्या जेवणापूर्वी घेतात. तिविहार करणारे काही जण ‘रात्री’ हा शब्द पाळण्यासाठी साडेपाचला जेवून नऊला पाण्याबरोबर गोळी घेतात. मग मध्यरात्रीनंतर दचकून जाग येते, सदरा घामाने भिजलेला असतो, छाती धडधडते, भयंकर स्वप्ने पडतात आणि सकाळी डोके जड होते. घरातील मंडळी म्हणतात, वय झाले, झोप कमी होणारच.

वयाला दोष देण्यापूर्वी औषधाकडे पाहावे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही सल्फोनिलयुरिया गटातील औषधे. फ्रान्समधील माँपेलिए शहरात १९४२ साली विषमज्वराच्या रुग्णांना एक सल्फा औषध देत असताना त्यांच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरत असल्याचे डॉ. मार्सेल जानबाँ यांच्या ध्यानात आले; या गटाचा उगम तेथे आहे. ही औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की शरीर ॲड्रेनलिन सोडून धोक्याची सूचना देते. घाम, धडधड आणि दचकून येणारी जाग ही त्याचीच रूपे. मूत्रपिंड मंदावलेल्या वृद्धांत औषध अधिक काळ रेंगाळते. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हा धोका आहेच.

येथे पंचांग उघडून पाहण्यासारखे आहे. ठाण्यात जूनमध्ये सूर्य सव्वासातनंतर मावळतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी येईपर्यंत सुमारे साडेअकरा तास होतात. डिसेंबरच्या मध्यावर सूर्यास्त सहाच्या सुमारास आणि सूर्योदय सातनंतर, म्हणजे तोच चौविहार पावणेचौदा तासांचा होतो. गोळी तीच, मात्रा तीच. उपवास मात्र दोन तासांहून अधिक वाढलेला. शिवाय नियमाप्रमाणे सूर्यास्ताच्या ४८ मिनिटे आधी जेवण आटोपणाऱ्यांचा काळ याहूनही मोठा. उन्हाळ्यात निवांत झोपणारा माणूस हिवाळ्यात तळमळू लागला, तर हा हिशेब डॉक्टरांपुढे मांडावा.

मेटफॉर्मिनची गोष्ट निराळी. ते एकटे घेतल्यास साखर सहसा धोकादायक पातळीवर उतरत नाही. परंतु दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील बी-१२ कमी होऊ शकते, आणि हे जीवनसत्त्व शाकाहारात आधीच तुटपुंजे, दूध-दह्यापुरते. रात्री तळपायांना मुंग्या, जळजळ आणि त्यामुळे उडालेली झोप यामागे ही कमतरता असू शकते. मधुमेहाने होणारी नसांची हानीही असू शकते. साधी रक्ततपासणी पुरते, पण ती मुद्दाम सांगून करवून घ्यावी लागते.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणून रात्री उठावे लागते. चौविहारात पाणीही वर्ज्य असल्याने शरीर कोरडे पडू शकते. अठ्ठाई किंवा मासक्षमणासारख्या दीर्घ तपात या गोळ्यांमुळे साखर फारशी न वाढताही रक्तात घातक आम्लता निर्माण होऊ शकते. म्हणून तपापूर्वी त्या केव्हा थांबवायच्या हे डॉक्टरांनाच विचारावे, मनाने ठरवू नये.

सकाळचा उपाशीपोटीचा अहवाल चांगला, वा चढा, आला म्हणून रात्र सुखरूप गेली असे ठरत नाही. पहाटे काही संप्रेरके साखर आपोआप वाढवतात. अशा अहवालावरून रात्रीची गोळी स्वतःच वाढवणारे लोक आहेत, आणि ते फार धोक्याचे आहे. जाग आली की ग्लुकोमीटरवर आकडा पाहावा व वेळेसह लिहून ठेवावा. तो ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे.

‘पण पच्चक्खाण?’ हा प्रश्न येथे येतोच, आणि घरातील ज्येष्ठ त्यापायीच घाम पुसून पुन्हा पडून राहतात. प्रत्याख्यानाच्या पाठातच आगार सांगितलेले आहेत. त्यांतील सर्वसमाधीचा आगार तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषधोपचाराला वाट देतो. त्याचा अर्थ आपल्या गुरुमहाराजांना प्रकृती बरी असताना, दिवसाउजेडी विचारून ठेवावा. पहाटे तीन वाजता हात थरथरत असताना तो विचार होत नाही.

रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा व मात्रा बदलण्याची पद्धत डॉक्टरांना परिचित आहे. आपल्या जेवणाची वेळ मात्र त्यांना कोणी सांगतच नाही. ठाण्याच्या मुनिसुव्रत स्वामी मंदिराचे नाते श्रीपाल-मयणेच्या कथेशी जोडले जाते, म्हणून चैत्र-आश्विनातील नवपद ओळीचे येथे विशेष महत्त्व. आयंबिलात दिवसातून एकच जेवण, तेही तूप, तेल, साखर, दुधावाचून. ओळी सुरू होण्याच्या आठवडाभर आधी दवाखान्यात जाताना चिठ्ठीच्या पाठीमागे तीन वेळा लिहून न्याव्यात: जेवणाची, गोळीची आणि रात्री जाग येते तिची.